तंबूआधी तळ

उन्हाळ्यात पवना धरणाचे पाणी ओसरू लागले, की एरवी बुडालेले वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर हळूहळू वर येते. जलाशयाच्या पोटात कधीकाळी शेते, वाटा आणि देवस्थाने होती, याची ती दरवर्षीची आठवण. त्याच जलाशयाच्या काठाने आता दर शनिवारी दुसरी वस्ती उभी राहते, ती तंबूंची. चहूबाजूंना लोहगड, तुंग, तिकोना, समोर पाणी, पुण्याहून दीड-दोन तासांचा रस्ता. दुपारी पोहोचायचे, अंधार पडला की शेगडीवर पनीर नाहीतर कोंबडी भाजायची, सकाळी पोहे-चहा घेऊन परत फिरायचे. पवना, मुळशी, पानशेत, वैतरणा, भंडारदरा अशा बहुतेक सगळ्या धरणांच्या काठी हा उद्योग फोफावला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. रिसॉर्टचे भाडे न परवडणाऱ्या कुटुंबाला मुलांना चांदणे दाखवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तक्रार वेगळी आहे. या सहलीचे नियोजन आपण उलट्या टोकाकडून करतो. तंबू कसा, जेवणात काय, माणशी किती, एवढे विचारून पैसे भरतो. ती जागा शंभर-दोनशे माणसांच्या मुक्कामाला लायक आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नसते. तंबू आणि तळ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. तंबू भाड्याने मिळतो. तळ आधी हेरावा लागतो, आखावा लागतो, राखावा लागतो. आपल्याकडे तंबू उदंड झाले, तळ एकही नाही. शहराजवळचे कॅम्पिंग सुरक्षित आणि टिकाऊ व्हायचे असेल, तर गावांनी चालवलेले आणि शासनाने नेमून दिलेले सार्वजनिक तळ आधी उभे राहिले पाहिजेत.

हा खासगी मौजेचा मामला आहे, त्यात सार्वजनिक काय, असे कोणी म्हणेल. उत्तर पायाखालच्या जमिनीत आणि समोरच्या पाण्यात आहे. पवनेचे पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्या शहरात दिवसाआड पाणी सोडण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे काठावर रात्र काढणाऱ्यांतली कितीतरी कुटुंबे आपल्याच नळाच्या उगमापाशी झोपलेली असतात. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धरण बांधून झाले, पण धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर अर्धे शतक रेंगाळला. इतका इतिहास ज्या पाण्याला आहे, त्याच्या काठावर कोणी काय करावे हा दोन माणसांतला खासगी व्यवहार राहू शकत नाही.

पाण्याच्या शुद्धतेचा मुद्दा तर याहून रोकडा आहे. धरणाची पातळी वर्षभर खाली-वर होत असते. पावसाळा संपताना ते काठोकाठ भरते, मेअखेरीस पाणी बरेच आत सरकते, आणि मधला रुंद पट्टा काही महिने उघडा पडतो. गावकरी पूर्वापार त्यात गाळपेर करत आले. तंबूवाल्यांनाही नेमका हाच पट्टा हवा असतो, कारण गिऱ्हाइकाला तंबूच्या दारातून पाणी दिसले पाहिजे. अशा जागी, बुडीत रेषेच्या आत, संडासासाठी शोषखड्डा खणला असेल, तर मार्चमध्ये जिथे खड्डा होता तिथे ऑगस्टमध्ये जलाशय असतो. रेषेच्या थोडे बाहेर खणला तरी फार निर्धास्त राहता येत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो, त्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला काळा पाषाण. सांडपाणी मातीतून सावकाश गाळले जाण्याऐवजी भेगांतून झपाट्याने खाली उतरते. एका कुटुंबाच्या एका रात्रीने काही बिघडत नाही. पण नियोजन एका कुटुंबाच्या हिशेबाने करायचे नसते. हंगामातल्या सगळ्या शनिवारांची बेरीज मांडावी लागते, आणि ती मांडणे कोणाचेच काम नसल्याने कोणी मांडत नाही.

सुरक्षिततेचेही तसेच. जलाशयाचा काठ समुद्राच्या पुळणीसारखा वाटतो, पण तो तसा नसतो. खाली जुन्या शेतांचे बांध असतात, बुजवायच्या राहिलेल्या विहिरी असू शकतात, नदीचे मूळ पात्र असते. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पुढचे पाऊल खोलात पडू शकते, आणि तळाच्या गाळात पाय रुतला की पोहणाराही अडकतो. धरणात पोहायला उतरलेला तरुण बुडाल्याची बातमी म्हणूनच अधूनमधून येत राहते. पाण्याइतकाच धोका झोपेतही असतो. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावली होती का, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, या दोन प्रश्नांवर तिथे जीव अवलंबून असतो. थंडीच्या रात्री ऊब यावी म्हणून पेटती शेगडी तंबूत घेणे हा तर न दिसणारा मृत्यू आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. यातली एकही गोष्ट शास्त्रज्ञांनाच कळावी अशी नाही. पण शहरातल्या घरात राहून ती आपोआप कळत नाही, कोणीतरी सांगावी लागते. आज ते सांगणे तंबूमालकाच्या मर्जीवर आहे.

गर्दी आणि पाणी यांचे गणित चुकले की काय होते, ते मावळाने लागोपाठ दोन पावसाळ्यांत पाहिले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्याचे पाणी अचानक वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार होते. दोन्ही ठिकाणे कॅम्पिंगची नव्हेत, तरी दाखला लागू पडतो. माणसे शहरातून, त्याच रस्त्याने, त्याच सुट्टीच्या दिवशी आली होती, आणि आता पुरे, यापुढे कोणाला सोडायचे नाही, असे म्हणणारा अधिकारी माणूस त्या क्षणी तिथे नव्हता. फलक असतात, पण आलेली माणसे फलक मोजत नाही.

असा तळ आपल्याला जमेल का, असा प्रश्न पडत असेल तर आषाढाकडे पाहावे. महाराष्ट्राइतका मोठा चालता मुक्काम दुसरीकडे क्वचितच असेल. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असा पालखीचा रस्ता ठरलेला, कोणत्या रात्री कोणता पालखीतळ हे ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, राहुट्या कुठे पडणार तेही ठरलेले. पाण्याचे टँकर, आरोग्य पथके, वीज, वाहनांची वळवलेली वाट ही सगळी जुळणी जिल्हा प्रशासन आणि गावे मिळून करतात. तिथेही एके काळी वारी पुढे गेली की मागे उघड्यावरच्या घाणीचा प्रश्न उरत असे. निर्मल वारीच्या उपक्रमातून फिरती स्वच्छतागृहे तळावर आली आणि चित्र बरेच पालटले. वारी म्हणजे भक्ती आणि कॅम्पिंग म्हणजे चैन, तुलना कशाला, असे वाटू शकते. पण मैला, पाणी आणि चूल यांना भक्ती-चैनीचा भेद कळत नाही. एका जागी अनेक माणसे रात्र काढणार असतील, तर संख्या, पाणी, संडास आणि जबाबदार माणूस या चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. लाखोंसाठी हे दरवर्षी करणारे राज्य पवनेच्या काठी काहीशे लोकांसाठी ते करू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. आपण तसे करायचे अजून ठरवलेले नाही, एवढेच.

संख्येला मर्यादा घालण्याचा अनुभवही घरचाच आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या हंगामात माणसांचा लोंढा वाढला. तेव्हा दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेश शुल्क अशी पद्धत आणली गेली. व्यवस्था भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे राहिली, आणि तपासणीला, वाहनतळाला, वाट दाखवायला गावातली मुले उभी राहिली. कासमध्ये सगळे आलबेल झाले असे नाही. संरक्षणासाठी घातलेल्या कुंपणाने गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि त्याचा फुलांवरच परिणाम होतो अशी तक्रार अभ्यासकांनी केली. पुढे ते कुंपण काढावे लागले. मला यातून दोन गोष्टी दिसतात. गावाच्या हाती दिलेली मर्यादा चालू शकते. आणि चुकलेला नियम मागे घेता येतो, फक्त चूक दाखवून देणारे लोक त्या व्यवस्थेच्या जवळ असले पाहिजेत.

परदेशातला एक दाखला इथे नेमका बसतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिला. ग्लासगो शहरापासून जवळ असलेल्या लॉख लोमंड सरोवराच्या काठी मग सुट्टीच्या दिवशी तीच दृश्ये दिसू लागली, जी आपण पवनेला पाहतो: जाळलेली झाडे, टाकून दिलेले तंबू, बाटल्या आणि दंगा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने आधी २०११ मध्ये पूर्व काठावर आणि नंतर २०१७ पासून इतर काही काठांवर नियम केला, की मार्च ते सप्टेंबर या काळात परवान्याशिवाय मुक्काम नाही. परवान्याचे शुल्क किरकोळ, आणि हा नियम उद्यानाच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला लागू. हक्कांवर गदा आली म्हणून तिथे मोठा वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. पण त्यातला विवेक घेण्यासारखा आहे: जिथे गर्दीचा दाब खरोखर आहे तेवढाच काठ नियमाखाली आणायचा, बाकीचा डोंगर मोकळा सोडायचा.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप रोजगाराचा आहे. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्याच पुढच्या पिढीला उरलेल्या उतारावर चार तंबू लावून पैसे मिळू लागले. आता परवाने, नोंदण्या आणि तपासण्या आणल्या तर हा छोटा माणूस मरेल आणि कागदपत्रे जुळवू शकणारे मोठे रिसॉर्टवालेच उरतील. ही भीती खोटी नाही. आपल्याकडचा परवाना बऱ्याचदा सुरक्षिततेपेक्षा चिरीमिरीची सोय करतो. म्हणूनच एकेका तंबूवाल्याला परवान्यासाठी तालुक्याला खेटे घालायला लावणे हा मार्ग मला मान्य नाही. नोंद तळाची व्हावी, आणि तळ ग्रामसभेने ठरवलेल्या समितीच्या ताब्यात असावा. पाणी, संडास, जीवरक्षक आणि कचरा उचलण्याची सोय समितीने एकत्र करायची, त्यात जागा घेऊन गावातल्या कुटुंबांनी आपापले तंबू चालवायचे, पहिला हक्क धरणग्रस्तांचा. चार तंबूंच्या मालकाला स्वतंत्र मैलाटाकी परवडत नाही. चाळीस तंबूंमागे एक परवडते. आज दरांच्या चढाओढीत स्वच्छतेवर खर्च करणारा मागे पडतो आणि खर्च टाळणारा स्वस्त देऊ शकतो. सामाईक तळ झाला तर प्रामाणिक माणसाचे हे नुकसान थांबेल. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. नोंदणी आणि सुरक्षिततेच्या अटी त्यांत आहेत. पण त्या आयोजकाला लागू होतात, जागेची सहनशक्ती मोजत नाहीत. ती पोकळी गावपातळीवरच भरता येईल.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा: एवढा खटाटोप कशाला, सरळ बंदी घाला. दुर्घटना झाली की जमावबंदीचा आदेश निघतो, धबधबे आणि धरणांचे रस्ते काही आठवडे अडवले जातात. अतिवृष्टीच्या दिवसांत हे योग्यच आहे. भर पावसात धरणकाठी तंबूत कुटुंब घेऊन जाणे शहाणपणाचे नाही, आणि त्या दिवसांत तळही बंदच असला पाहिजे. पण बारमाही बंदीने माणसे घरी बसत नाहीत. ती नाव नसलेल्या ओढ्यावर, फलक नसलेल्या काठावर जातात, जिथे मदतीला गावही नसते. जिथे जाता येईल अशी एक जागा दिली, तरच जिथे जाऊ नये त्या जागेची बंदी पाळली जाते.

निसर्गात जायचे तर नोंदणी आणि रांग कशाला, मोकळेपणाच त्यात मरतो, हा तिसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि त्याला उत्तर देण्यापूर्वी काजव्यांकडे पाहावे. वळवाच्या सरी पडल्या की मेअखेरीपासून भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या झाडांवर काजवे लखलखतात आणि ते पाहायला हजारो लोक जातात. काजव्याचे लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाइलचे फ्लॅश त्या खुणा पुसून टाकतात. काजव्यांच्या अळ्या ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात वाढतात, गाड्या आणि पावले ती माती तुडवतात. म्हणजे सगळ्यांनी आपापला मोकळेपणा वापरला, तर जे पाहायला आलो तेच उरणार नाही. शांततेचेही तसेच आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नये हा देशभराचा नियम आहे, आणि पाण्यावरून आवाज दूरवर जातो. ज्याला चांदणे ऐकायचे आहे त्याचा मोकळेपणा ज्याला डीजे लावायचा आहे तो आजही हिरावून घेतोच आहे. तळावरचा नियम हे भांडण फक्त दुबळ्याच्या बाजूने सोडवतो.

राहता राहिला कॅराव्हॅनचा, म्हणजे घरासारख्या गाडीचा प्रश्न. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. वृद्ध आई-वडील आणि लहान मुले बरोबर असतील तर अशी गाडी तंबूपेक्षा सोयीची: झोपायला पलंग, स्वतःचा संडास, साप-विंचवाची धास्ती कमी. पण गाडीत संडास आला म्हणून मैला नाहीसा होत नाही, तो टाकीत साठतो, आणि ती टाकी कुठेतरी रिकामी करावी लागते. पाणी भरायला, वीज जोडायला आणि टाकी उपसायला ठरलेली जागा नसेल, तर ही महागडी गाडी रस्त्याकडेला थांबलेल्या बसहून वेगळी नसते, आणि टाकी ओढ्यात सोडण्याचा मोह राहतोच. घाटातली अरुंद वळणे आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या पाहता ती गावातल्या प्रत्येक काठापर्यंत जाणारही नाही. पोहोचण्याजोग्या चार-सहा ठिकाणी तळ हवेच. तंबूला जे लागू, तेच चाकांवरच्या घराला.

तळ उभे राहीपर्यंत कुटुंबांनी काय करावे? थांबून राहण्याची गरज नाही, पण फोनवर विचारायचे प्रश्न बदलता येतील. जेवणात काय आहे याआधी विचारावे: जमीन कोणाची, भरल्या धरणाची रेषा कुठून जाते, संडासाचे पाणी कुठे मुरते, पाण्यावर कोण लक्ष ठेवते, रात्री गाणी किती वाजता थांबतात, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आणि तिथवर जायला वाहन उभे असते का. समाधानकारक उत्तर न देणाऱ्याकडे माणशी दोनशे रुपये कमी पडतात म्हणून जाऊ नये. पाण्यात उतरायचे नाही हे मुलांना, आणि मुलांपेक्षा काकांना, घरीच बजावून ठेवावे. गिऱ्हाइकांच्या प्रश्नांनी बाजार काही अंशी सुधारतो. पण फक्त काही अंशी. धरणाची पातळी किंवा दगडातल्या भेगा गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, त्या पाहणे जलसंपदा विभागाचे, जिल्हा प्रशासनाचे आणि गावाचे काम आहे. येत्या पावसाळ्यात वाघेश्वराचे मंदिर पुन्हा पाण्याखाली जाईल, आणि त्याबरोबर काठावरचे जे काही या उन्हाळ्यात मागे राहिले असेल तेही. पुढे ते रावेतमार्गे आपल्याच पाणीपुरवठ्यात येणार आहे, हे लक्षात ठेवून तळ कुठे असावा ते आताच ठरवलेले बरे.